तिला मोकळं करू का, असं विचारणाऱ्या जवानाला

(पत्र थोडं लहान केलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

मावशी, नमस्कार. मी मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई आहे. गाव सातारा जिल्ह्यात. गेल्या दिवाळीच्या छुट्टीत साखरपुडा झाला. ती कराडला नर्सिंग करते. लग्न मे २०२५ च्या अखेरीला होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या, छुट्टी मंजूर होती. पहलगामच्या हल्ल्यानंतर छुट्टी रद्द झाली. ७ मेच्या रात्रीपासून १० तारखेपर्यंत आमच्या पोस्टवर काय झालं ते लिहीत नाही. माझ्या बडीला, म्हणजे जोडीच्या जवानाला, स्प्लिंटर लागला. तो माझ्यापासून दोन हातांवर होता. आता तो हॉस्पिटलमध्ये आहे, धोक्याबाहेर आहे. मला खरचटलंही नाही.

त्या रात्री आईची आठवण यायला हवी होती, पण मला तिचीच आली. साखरपुड्यात पेढा भरवताना तिचा हात थरथरत होता, तो हात डोळ्यांसमोरून हलत नव्हता. आताही पहाऱ्याच्या ड्युटीवर डोक्यात दुसरं काही नसतं. डोळा लागला की तोच आवाज होतो आणि मी उठून बसतो. एकदा रडताना एका सीनियरनं बघितलं. म्हणाला, पोरीच्या आठवणीनं रडणारा लढणार काय!

फोन परत मिळाले आहेत. तिचे मेसेज, व्हॉइस नोट साठल्यात. मी सगळ्या ऐकल्या, पण उत्तर दिलं नाही. उद्या मला काही झालं तर लोक तिला लग्नाआधीच पांढऱ्या पायाची म्हणतील. तिच्या वडिलांनी माझ्या चुलत्यांना ‘पुढं काय करायचं’ म्हणून विचारलंय. मी बोलणं कमी करत गेलो तर ती चिडेल, विसरेल, घरचे दुसरं स्थळ बघतील. तिला असं मोकळं करू का? आणि ही आठवण थांबवायची कशी?

— एक शिपाई

बाळा,

आधी तिला फोन कर. हे उत्तर पुरतं वाचायच्या आत केलास तरी चालेल. लांबलचक बोलू नकोस. “मी बरा आहे. तुझं सगळं ऐकलं. उत्तर द्यायचा धीर झाला नाही, का ते सांगतो,” एवढं म्हण. लाइन कट झाली तरी हे एवढं तिच्यापर्यंत पोचलेलं असेल. बाकीचं मग बोलू.

तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ आहे. गप्प राहून, तिला चिडवून, तिच्या मनातून उतरून तिला मोकळं करायचं तू ठरवलंयस, त्यात तिच्या वाट्याला काय येतं ते बघ. तू त्याला त्याग म्हणत असशील. कराडच्या वसतिगृहात बसलेल्या त्या मुलीला यातलं काहीच माहीत नाही. १० मेला शस्त्रसंधी झाली, ज्यांची माणसं सीमेवर होती त्यांचे फोन खणखणले, आणि तिचा फोन मात्र मुकाच राहिला. तू जिवंत आहेस हे तिला तुझ्या घरून कळलं असेल. मग तू तिच्याशीच का बोलत नाहीस, याचं कारण ती स्वतःत शोधत असेल. माझं काय चुकलं, याचे आपली ती मनाशी पाढे म्हणत असेल. ज्या दुःखापासून तिला वाचवायला निघालास, त्याच्याहून विचित्र दुःख तू तिला आजच देतोयस, तेही कारण न सांगता.

पांढऱ्या पायाची म्हणतील, असं लिहिलंस. हा शब्द वाचून मला फार राग आला. तुझा नाही, शब्दाचा. आणि साखरपुडा मोडलेल्या मुलीला लोक काय म्हणतात, याचा विचार केलास का? ‘पोरगा फौजेतून परत आला आणि गप्प बसला, म्हणजे पोरीतच काहीतरी असणार’ असं म्हणणारी तोंडं तीच असतात. नाव ठेवणारा कशालाही नाव ठेवतो. त्या तोंडांना घाबरून तिचा हात सोडण्यापेक्षा त्यांच्यासमोर उभं राहणं बरं, आणि आपल्याकडे माणसं उभी राहिली आहेत. तुमच्या जिल्ह्यापासून कोल्हापूर काही लांब नाही. तिथं शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. ठरावानं सगळं बदलत नाही, मलाही ते कळतं. पण तुझ्या होणाऱ्या बायकोचं नशीब चावडीवरच्या टवाळांच्या जिभेवर ठेवून तू आयुष्याचा निर्णय घेऊ नयेस, एवढा आधार त्यात नक्की आहे.

दुसरं असं की तिनं फौजी मुलाला होकार दिला तो डोळे मिटून दिलेला नाही. सातारा जिल्ह्यातल्या मुलीला फौजी नवरा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं तिथं आहेत. घराघरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेलेली, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक गावातच उभं. अशा मातीत वाढलेली मुलगी ‘हो’ म्हणते तेव्हा त्यात वाट बघणंही आलेलं असतं. तू तो होकार तिच्या वतीनं परत घेऊ शकत नाहीस. तिलाच विचार. स्पष्ट विचार: “त्या रात्रीनंतर मला भीती वाटते की माझ्यामुळे तुझं आयुष्य अडकेल. तुला काय वाटतं?” ती घाबरलेली असेल, रडेल, कदाचित ओरडेलही. आणि समजा ती म्हणाली की मला हे झेपणार नाही, तर तेही मान खाली घालून ऐक आणि तिला दोष देऊ नकोस. तेव्हा ती स्वतःच्या मर्जीनं मोकळी झालेली असेल. आज तू तिला टाकतोयस. तिला मात्र वाटेल की आपल्यातच काही कमी होतं.

आता तुझ्या रडण्याबद्दल.

ज्यानं तुला हिणवलं त्याचंही वय लहानच असावं, असा माझा अंदाज आहे. माझे यजमान फौजेत होते. कारगिलच्या उन्हाळ्यात, १९९९ मध्ये, तेही वर होते. त्यांच्या तोंडून मी पुढे ऐकलंय की अंधार पडला की बंकरमध्ये घरच्या गोष्टी निघायच्या आणि मोठमोठे हवालदार तोंड भिंतीकडे करून झोपायचे. सकाळी तेच पुढे असायचे. आठवण येणारा माणूस कच्चा, हे कुणी पसरवलंय कोण जाणे! मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायच्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायच्या. मधले सगळे महिने इकडे घराघरात कोणीतरी वाट बघत असायचं. आपल्या शाहिरांनी लावणीत विरहिणी उभी केली ती उगाच नाही. जाणारे आणि थांबणारे, दोघं ऐकणाऱ्यांत बसलेले असायचे.

त्या आधीच्या शिपायांपेक्षा तुझं एका बाबतीत भाग्य मोठं आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या आपल्या शिपायांपैकी कित्येकांना लिहिता येत नव्हतं. कोणातरी सोबत्याला सांगून पत्र लिहून घ्यायचं. मग ते इंग्रज सेन्सॉर अधिकारी वाचायचे, त्यातले उतारे काढून ठेवायचे. ते उतारे आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इकडे गावात पत्र आलं की ते मास्तर नाहीतर पोस्टमन अंगणात मोठ्यानं वाचणार, सासू, दीर, शेजारपाजारचे सगळे ऐकणार. अशा पत्रात बायकोला काय लिहिणार? ‘इकडील सर्व क्षेम.’ आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुटच्या वेढ्यात पुणे डिव्हिजनबरोबर तुझ्याच रेजिमेंटच्या जुन्या पलटणी अडकल्या, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ ला शरण जाईपर्यंत. त्यानंतर कैद. साताऱ्या-रत्नागिरीतल्या घरांनी ते दिवस कसे काढले असतील! त्या माणसांना आठवण येत नव्हती असं कोणी म्हणेल का? त्यांना ती सांगायला जागा नव्हती. तुला आहे. तुझं पत्र फक्त ती वाचणार आहे. तरी तू गप्प!

आठवण थांबवायची कशी, असं विचारलंस. थांबवू नकोस. तिला वाट करून दे. ड्युटीवर असताना लक्ष समोर हवं, हे तुला बेळगावच्या ट्रेनिंगपासून माहीत आहे, ते मी सांगायला नको. ड्युटी उतरल्यावर मात्र दिवसातला थोडा वेळ तिच्या नावानं ठेव आणि त्या वेळात लिही. हातानं, कागदावर. हसू नकोस. फोनवर काय होतं बघ. रेंज येते-जाते, अर्धं वाक्य ऐकू येतं, पाठीमागून कोणीतरी ‘चल, माझा नंबर’ म्हणतो, आणि जे बोलायचं ते सोडून ‘जेवलीस का, जेवलास का’ मध्ये वेळ संपतो. मग ती रात्री तू शेवटचा कधी ऑनलाइन होतास ते बघत बसते. निम्मी भांडणं त्यातून होतात. कागदाला रेंज लागत नाही आणि तो पुन्हा पुन्हा वाचता येतो.

डाक अजून चालते. तिनं तुझा नंबर, रँक, नाव, युनिट आणि ५६ किंवा ९९ ए.पी.ओ. (आर्मी पोस्ट ऑफिस), जे तुझ्या पत्त्यात असेल ते, आणि ९ नं सुरू होणारा पिनकोड लिहून कराडच्या साध्या पोस्टात पाकीट टाकलं की ते दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या सेंट्रल बेस पोस्ट ऑफिसातून तुझ्या युनिटपर्यंत येतं. तू कुठं आहेस हे पोस्टमनलाही कळत नाही आणि तिलाही कळायची गरज पडत नाही. म्हणूनच हा पत्ता केलेला आहे. तुला तो पाठ असेल. तिला मात्र कोणी नीट सांगितलेला नसतो, म्हणून लिहिलं.

लिहायचं काय? त्या उन्हाळ्यात यजमानांची निळी अंतर्देशीय पत्रं मला यायची. कधी कधी तीन-चार एकदम यायची, तारखा उलटसुलट. लढाईचं त्यात अक्षरही नसायचं. मोजे वाळत नाहीत, लंगरमधला एक पोरगा चहात आलं जास्त घालतो, सोबतच्या गड्याला घरी मुलगी झाली आणि त्यानं साखर वाटली, असलं काहीबाही. मी ते इतक्यांदा वाचलं की घड्या फाटल्या. शेवटच्या दोन ओळीत मात्र ते मला उद्देशून लिहायचे. त्या ओळी इथं सांगणार नाही. पण चहा आणि मोज्यांमुळे मला ते समोर बसल्यासारखे दिसायचे आणि म्हणून त्या दोन ओळी खऱ्या वाटायच्या. तूही तसंच लिही. पोस्टवर कुत्रं येत असेल तर त्याच्याबद्दल लिही. पेढा भरवणाऱ्या तिच्या हाताबद्दल लिही. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त आवडलेलं वाक्य ते होतं आणि ते तू मला लिहिलंस, तिला नाही! हे वाक्य तिचं आहे. तिला पाठव.

ठिकाण, हालचाल, कोण आलं, कोण गेलं, यातलं काही पत्रात नको, फोनवर नको, फोटोच्या मागच्या डोंगरातही नको. मला लिहिताना ते तू काटेकोर पाळलंस, बरं वाटलं. आणि एक गोष्ट मावशीच्या हक्कानं सांगते. तू आत्ता एकटा आहेस आणि ज्या मुलीशी बोलायचं तिच्याशी बोलत नाहीयेस. नेमक्या अशाच वेळी अनोळखी नावाची, गोड बोलणारी प्रोफाइलं समोर येतात. सीमेपलीकडून असे सापळे लावले जातात आणि चांगली पोरं त्यात अडकलेली आहेत. मन हलकं करायला अनोळखी माणूस नको. तुझं माणूस कराडला बसलंय.

तिच्याबरोबर एक गोष्ट ठरवून टाक. तुझा फोन लागला नाही तर त्याचा अर्थ फोन जमा आहेत, इतकाच घ्यायचा. आणि त्या रात्री टीव्ही लावायचा नाही. मे महिन्यात काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या दिल्या, तशा बातम्या बघत कुठलीतरी मुलगी वसतिगृहात रात्रभर जागत बसली असेल, हे आठवलं तरी मला कसंतरी होतं. अधिकृत माहिती सकाळी वाचली तरी चालते.

आता एक अवघड विषय. टाळता येत नाही म्हणून काढते. साखरपुड्याला फौजेच्या कागदावर जागा नाही. तुला काही झालं, अगदी साधी जखम झाली, तरी युनिटचा निरोप कागदावरच्या जवळच्या नातेवाइकाला जातो. आत्ता ते तुझे आईवडील असतील. तिला कोणी कळवणार नाही. लग्न होऊन पार्ट-टू ऑर्डर, म्हणजे त्याची फौजेतली नोंद, निघेपर्यंत हे असंच राहणार. म्हणून आईला सांग की मला काही लागलं-खुपलं तर पहिला फोन तिला करायचा, शेजारणीच्या आधी. तुझ्या बडीकडे किंवा विश्वासातल्या एका सोबत्याकडे तिचा नंबर दे. नॉमिनेशनचे कागद आहेत तसेच राहू देत, भीतीच्या भरात त्यात फेरफार नको, लग्नानंतर रीतीनं होतील. आणि आईला आणखी एक सांग. आठवड्यातून एकदा तिनं त्या मुलीशी बोलावं. दोघी एकाच माणसाची काळजी करतायत आणि बहुतेक एकमेकींशी बोलताना ती लपवतायत. आईऐवजी तिची आठवण आली याचं मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या आईला हे कळलं तर तिला बरंच वाटेल.

तुझ्या झोपेबद्दल मला जास्त काळजी वाटते. तू आठवण आणि तो आवाज एकाच दमात लिहिलेस. मला ती दोन वेगळी दुखणी दिसतात. तिची आठवण येणं हे दुखणं म्हणायचंच नाही. पण बडी दोन हातांवर जखमी होतो, आपल्याला खरचटतही नाही, आणि मग झोपेत तेच परत परत होतं, याला इलाज लागतो. ‘तिला मोकळं करू’ हा विचार तुला कधी सुचला ते आठव. दिवाळीला नाही, छुट्टी रद्द झाली तेव्हाही नाही. त्या रात्रीनंतर सुचला. जागून काढलेल्या रात्री माणसाला स्वतःचं नसणं फार सोपं आणि सगळ्यांच्या सोयीचं वाटायला लागतं. असल्या रात्री घेतलेला कुठलाही निर्णय मी मानत नाही, तूही मानू नकोस. युनिटच्या आर.एम.ओ. साहेबांना, म्हणजे डॉक्टरांना, जाऊन सांग की झोप येत नाही, दचकून उठतो. एवढंच सांगितलं तरी पुढचं ते विचारतील. थेट जायला संकोच वाटला तर सुभेदार साहेबांना सांग, किंवा युनिटच्या धर्मगुरूंपाशी, पंडितजींपाशी बस. त्यांनी असे कितीतरी तरुण पाहिले आहेत. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास. मराठीतही बोलता येतं. सैन्यासाठी तिचा वेगळा कक्ष पुण्याच्या ए.एफ.एम.सी.त, सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. आणि मरणाचा विचार नुसता तिच्या भवितव्याच्या काळजीतून न येता ‘आपण नसलेलंच बरं’ असा यायला लागला, तर सकाळ व्हायची वाट बघू नकोस, शेजारी झोपलेल्याला उठव आणि सांग.

बडीला हॉस्पिटलमध्ये फोन केलास का? केला नसशील तर कर. तुझ्या न बोलण्याचं कारण त्यालाही माहीत नसेल.

राहता राहिला तिच्या वडिलांचा प्रश्न. मला त्यांचा राग येत नाही. हॉलचे पैसे अडकले असतील, पाहुणे विचारत असतील, मुलगी जेवत नसेल. ‘पुढं काय’ हे विचारणाऱ्या बापाला उत्तर लागतं, आणि ते तुझ्या चुलत्यांनी नाही, तू दिलं पाहिजेस. त्यांना स्वतः फोन कर, मामा म्हणत असशील तर मामा म्हण, आणि सांग की छुट्टी माझ्या हातात नाही, पण शब्द माझ्या हातात आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागेल, मग तुळशीचं लग्न होईपर्यंत तुमच्याकडे कोणी मुहूर्त धरणार नाही. म्हणजे कार्तिकापर्यंत सगळ्यांनाच वेळ आहे. तारीख पक्की करायचा आग्रह नको. कार्तिकानंतर पहिली छुट्टी मिळेल तेव्हा, असं मोघम ठरवा. हॉल मिळाला तर हॉल, नाहीतर दारात मांडव. धास्तीनं आत्ताच चार दिवसांच्या छुट्टीत लग्न उरकायचं असा कोणी घाट घातला तर मी तरी नको म्हणेन. तिची नर्सिंगची परीक्षा असेल, तू धड झोपलेला नाहीस. पण तुम्ही दोघं मिळून तसं ठरवलंत, तर माझं मत बाजूला ठेवा.

आणि तिचं शिक्षण लग्नानंतरही पुरं व्हायचं आहे, हे त्याच फोनमध्ये तिच्या वडिलांना तुझ्या तोंडानं सांग. एवढ्या सगळ्या गोंधळात ते कोणी बोललेलंच नसणार.

तुझी,
मावशी